उनाडाचं राखीव बी

९ फेब्रुवारी

वन्सं,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही हे पाकीट न फोडताच बाजूला टाकलं असेल. तरी उद्या-परवा फोडा. वाईट बातमी नाही, घरातले सगळे जिवंत आहेत. गुडघे सोडले तर तुमचे दादाही बरे आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. बियाणेखोलीची किल्ली अजून त्यांच्याच कमरेला असते. मी अजून गवताच्या जाळीघरातच आहे. हाताखाली दोन बायका आल्यात आणि मला आता सगळे 'बाई' म्हणतात, एवढाच काय तो फरक.

हे पत्र मी साहेबांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तुमच्या वेळचे साहेब कधीच गेले, हे तिसरे. माणूस वाईट नाही, पण सध्या झोप उडालेली आहे त्यांची. यंदा गव्हावर तांबेरा असा आलाय की चाचणीच्या रानातून एक चक्कर मारली तर पँट गुडघ्यापर्यंत विटकरी होते. आमचे चौदाच्या चौदा वाण बसले. संशोधन केंद्राबाहेरही तीच रड आहे. मग साहेबांनी जुन्या वह्या काढल्या, आणि त्यांत तुमच्या हातचं एक पान निघालं. नंबर एकशे बारा. वर्षभरात उगवून मरून जाणारं रानटी गवत, गव्हाचं लांबचं भावंड. आजूबाजूचा गहू तांबेऱ्याने लाल, याच्यावर ठिपका नाही.

आपलं उनाड, वन्सं. हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत. दाणा पिकला रे पिकला की ओंबी सोडून पळतो म्हणून. अजून सगळे उनाडच म्हणतात त्याला.

साहेब नाचायचे बाकी राहिले होते. उनाडाची ऐंशी रोपं केली, पानांवर तांबेऱ्याची भुकटी झटकली आणि वाट बघत बसलो. पंधराव्या दिवशी जाळीघरात शिरले तर ऐंशीच्या ऐंशी लाल. बोट फिरवलं तर बोटाला रंग आला.

जानेवारीत, तुम्ही जिथून उनाड आणलं होतंत, त्या डोंगरावर जीप पाठवली होती. पोरं संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, डोंगरच नाही. खडीची खाण आहे. जिथे उतार होता तिथे खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी.

तेव्हा आता एकच जागा उरली, असं साहेबांचं म्हणणं आहे. त्यांचेच शब्द लिहिते, राग मानू नका: "तुमच्या नणंदबाईंनी जाताना जे मूळ बी नेलं, त्यातलं थोडं तरी त्यांनी जपलं असेल. झालं गेलं विसरलं म्हणावं. चौकशीचे कागद मी स्वतः फाडतो. पन्नास दाणे पाठवा. दहा असले तरी चालतील."

तुमच्या दादांनी चाळीस कुंड्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या आहेत. काल जेवताना म्हणाले, "ती दाणा टाकणारी नव्हे. नेलं असेल तर ठेवलंच असेल." तुमच्याबद्दल इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

उत्तर पाठवा. काही असलं तर, आणि नसलं तरी.

तुमची
वहिनी


२६ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. नशीब म्हणून पोस्टमन मला फाटकातच भेटला. "कार्डावर एवढंसंच लिहायला एवढ्या लांबून तिकीट लावलं?" म्हणाला. म्हणजे वाचलंच मेल्याने. मी कार्ड पोलक्यात खोचलं आणि साहेबांना सांगितलं, अजून काही आलं नाही.

'माझ्याकडे काही नाही. वहिनी, तुला ते माहीत आहे.'

दोन ओळी. मी पन्नास वेळा वाचल्या असतील. तुम्ही शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

त्याबद्दल लिहायला बसले होते, पण आज होत नाही. दुसरंच सांगते.

उनाड का बिघडलं ते साहेबांनी शोधून काढलं. ते कागदावर आकडे मांडत होते आणि मी शेजारी उभी होते. तुम्ही असताना आपण ओंबी पिवळी पडायच्या आधी एकेकीला कागदी पिशवी बांधायचो. दोन-दोन हजार पिशव्या. दोरा बांधून बोटांना चिरा पडायच्या. गळलेला दाणाही पिशवीतच राहायचा. शिवाय जमिनीवर पडलेलं तुम्ही गुडघ्यांवर बसून वेचायला लावायचात. "वहिनी, पळालेलेच आपले खरे," असं म्हणायचात. तुम्ही गेल्यावर पिशव्या बांधायला कोण? मी आणि एक आजारी माळी. मग मी सोप्पं केलं. वाफा वाळला की विळ्याने सरसकट कापायचं. ओंबीवर जे टिकलंय ते घ्यायचं, खाली सांडलं ते मुंग्यांचं. पुढच्या वर्षी त्यातलंच पेरायचं. उगवायला उशीर करणाऱ्या कुंड्या पंधराव्या दिवशी मोकळ्या.

पाच-सहा वर्षांत फरक दिसायला लागला, वन्सं. ओंबी हलवली तरी दाणा सुटेना. पेरलं की चौथ्या दिवशी सगळं एकदम वर, शाळेतल्या पोरांसारखं रांगेत. दाण्याचा उतारा दुप्पट. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाले, "बाईंनी उनाडाला वळण लावलं." मी घरी येऊन तुमच्या दादांना ते तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "पोटचं नाही लागलं वळणाला, गवत तरी लागलं." आमचा मुलगा तेव्हा कॉलेज सोडून घरी बसला होता.

आता हे साहेब म्हणतात, पळणारे दाणे आणि उशिरा उगवणारे दाणे, नेमकी त्यांच्यातच तांबेऱ्याला तोंड द्यायची ताकद होती. तुमच्या वहीत तसं लिहूनही ठेवलंय म्हणे. मी दरवर्षी नेमके तेच झाडून टाकले. एकोणीस वर्षं, खराट्याने.

त्यांनी मला बोल लावला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, बाई," एवढंच म्हणाले. पण मला सांगितलं होतं. तुम्ही सांगितलं होतं.

वहिनी


११ मार्च

वन्सं,

आता लिहिते. नाही लिहिलं तर आतल्या आत सडेन.

तुम्ही त्या वर्षी दोन महिने डोंगरात होतात. जाताना राखीव पाकीट दाखवून मला म्हणालात, "हे सातशे दाणे मूळचे. वाफ्याला आग लागली तरी याला हात लावायचा नाही." मी मान हलवली. पेरायला दिलेले वेगळे होते. ते मी कुंड्यांत पेरले. पंधरा दिवस झाले, निम्म्या कुंड्यांत काहीच नाही. नोकरीला लागून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरच्या ओळखीने लागले, असं सगळे म्हणायचेच. वाटलं, मी जास्त खोल पुरलं, नाहीतर पाणी जास्त झालं, बी कुजलं. तुम्ही येऊन निम्म्या रिकाम्या कुंड्या बघाल आणि म्हणाल, भावजयीला घेतलं तिथेच चुकलं.

तुमचे दादा आंघोळीला गेले होते. कमरेची किल्ली खुंटीवर होती. मी राखीव पाकीट काढलं आणि सगळं पेरलं. सातशेच्या सातशे. आधीच्या न उगवलेल्या कुंड्या मोकळ्या केल्या. पुन्हा निम्मंच उगवलं. त्याही मोकळ्या केल्या. ती सगळी माती हातगाडीवर घालून नव्या गॅरेजच्या खड्ड्यात ओतली. तिथे भर टाकायचं काम चाललंच होतं. आठवड्याने रोलर फिरला आणि वर काँक्रीट पडलं. आता तिथे साहेबांची जीप उभी असते.

वाफ्यात आधीच पेरलेलं उनाड तेव्हा पिकत आलं होतं, त्याचं नवं बी निघालं. त्यातले सातशे मोजून मी राखीव पाकिटात भरले. चिठ्ठी तुमच्याच हातची, तशीच राहू दिली.

तुम्ही डोंगरातून आलात. उन्हाने नाक सोललेलं होतं. चहा घेता घेता कुंड्यांकडे बघून म्हणालात, "निम्म्याच आल्या ना? येणारच. वहिनी, एका टरफलात दोन दाणे असतात. थोरला यंदा उगवतो, धाकटा वर्षभर मातीत झोपतो. यंदा पाऊस दगा देऊन थोरला मेला तर धाकटा आहेच. फार बेरकी जात." आणि हसलात.

कुजलेलं काहीच नव्हतं. मी जिवंत बी पुरून आले होते.

तेव्हा बोलता आलं असतं. कप माझ्या हातात होता, तुम्ही हसत होतात, खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, "अजून चहा घेता का?"

चार महिन्यांनी तपासणीला माणसं आली. दाणे तराजूत घातले, राखीवचं वजन नोंदीपेक्षा जास्त भरलं. वाफ्यातला दाणा पाण्याखतावर टपोरा झालेला. मूळ बी काढून दुसरं भरलंय, हे त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. दुसरीकडे विकलं म्हणाले. किल्ल्या दोनच, एक भावाकडे, एक बहिणीकडे. तुमच्या दादांनी लिहून दिलं, माझी किल्ली कधी अंगावेगळी झाली नाही. त्यांना ते खरंच वाटत होतं. तुम्ही एकदाच म्हणालात, "मी नेलं नाही." मग दादांकडे बघितलंत आणि गप्प झालात. मी दारात उभी होते. तुम्हाला वाटलं का, की त्यांनीच नेलं? त्यांना वाचवायला गप्प बसलात? आणि मग केव्हा कळलं, की मी होते?

तुम्ही सामान बांधलंत त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले होते. दुखत नव्हतं.

आता सगळं केंद्र तुमच्यावर आशा लावून बसलंय. वन्संनी चोरलं, म्हणजे कुठेतरी आहे. साहेब काल म्हणाले, "देवाची कृपा म्हणायची बाई, त्या वेळी कोणीतरी चोरी केली." मी हो म्हटलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. साहेबांना सांगेन. या आठवड्यात.


२३ मार्च

वन्सं,

काल सांगितलं.

कार्डही पुढे ठेवलं. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि खाली ठेवलं. "चोर कधी 'माझ्याकडे आहे' म्हणतो का?"

मी म्हटलं, "साहेब, त्यांनी नेलंच नाही. मी पेरलं. माती गॅरेजखाली आहे."

"बाई, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. लिहून घ्या."

ते हसले. रागाने नाही, वन्सं, प्रेमाने हसले. ते जास्त वाईट. "नणंद-भावजयीची भांडणं आमच्या घरी रोज बघतो. नणंदेसाठी स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून घेणारी भावजय पहिल्यांदाच बघतोय. अहो, तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, त्यांनाही नाही. मी शब्द दिलाय ना?"

"पण बी नाही. कुठेच नाही."

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उठून दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी वर कळवून बसलोय, मूळ बी हाती येतंय. त्यावर पुढच्या तीन वर्षांचं काम मंजूर झालंय. शिवाय आपण नंबर एकशे बाराचं बी अकरा ठिकाणी पाठवलंय या वर्षांत. ते सगळं खोटं, असं लिहून घेऊ तुमच्याकडून? चहा-पाणी करणाऱ्या, कुंड्या भरणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून?" मग लगेच, "तसं नाही म्हणायचं मला."

तसंच म्हणायचं होतं. चूक नाही त्यांची. मी एवढी वर्षं तीच होते, म्हणून तर कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर आले तर माझ्या हाताखालच्या दोघी कुंड्यांना पाणी घालत होत्या. एक म्हणाली, "बाई, साहेबांनी झापलं का हो? डोळे लाल दिसतात." दुसरी म्हणाली, "अगं, तांबेरा असेल." दोघी खिदळल्या. मीही हसले. हसू येतं अजून, याचंच आश्चर्य वाटतं.

उरले तुमचे दादा. साहेबांना सांगणं सोपं होतं, हे मला आता कळतंय.

व.


२ एप्रिल

वन्सं,

ते अंगणात चाळणीने माती चाळत होते. तुमच्या बियांसाठी. रोज थोडी चाळतात, खडा राहू देत नाहीत. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. चाळणी थांबली नाही. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही.

मग म्हणाले, "किल्ली?"

"खुंटीवर होती. तुम्ही आंघोळीला गेला होता."

"मी लिहून दिलं होतं, कधी अंगावेगळी केली नाही."

"हो."

"म्हणजे खोटं मी लिहून दिलं. सही माझी आहे."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? ते म्हणाले, "आंघोळीला किल्ली काढतो हे मला माहीत नव्हतं?" आणि पुन्हा चाळायला लागले. बराच वेळ चाळत राहिले, चाळलेलीच माती.

त्यानंतर तीन दिवस ताट वाढलं की जेवायचे, पाणी स्वतः घ्यायचे. मुलाचा फोन आला तेव्हा "आईकडे देतो" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवला, माझ्या हातात दिला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशातूनच विचारलं, "सगळं पेरलंस?"

"सगळं."

"पाकिटाच्या कोपऱ्यात, घडीत, काही राहिलं असेल."

"झटकून घेतलं होतं मी."

"चार-दोन दाणे तिने स्वतःजवळ ठेवले असतील. वहीत चिकटवायची ती, पानापानावर."

"त्या वह्या इथेच आहेत. साहेबांनी बघितल्या. नुसत्या खुणा आहेत."

"एखादी वही तिने नेली असेल."

"नाही हो. कार्डावर लिहिलंय ना त्यांनी, काही नाही म्हणून."

ते वळले. अर्ध्या गालावर साबण तसाच. ओरडले नाहीत. "एकोणीस वर्षं तू मला खोटं सांगितलंस. तिने एकदा खरं सांगितलं, ते मी ऐकलं नाही. आता तू म्हणतेस नाही, आणि ती म्हणते नाही हेही तूच सांगतेस. मी कोणाचं धरू?"

मी कार्ड दाखवलं. त्यांनी हातात घेतलं नाही.


५ एप्रिल

वन्सं,

तुमचे दादा तुमच्याकडे यायला निघाले आहेत. आज दुपारची गाडी. मधे एक मुक्काम पडेल, तेव्हा हे पत्र त्यांच्या आधी पोचेल किंवा मागोमाग. मला बरोबर घेतलं नाही. मी विचारलंही नाही. गुडघ्यांना लावायचं तेल पिशवीत घातलंय, ते काढून ठेवतील म्हणून कपड्यांच्या तळाशी.

ते माफी मागायला येतायत असं तुम्हाला वाटेल, आणि ती ते मागतीलही. पण खरं ते बी न्यायला येतायत. माझ्या तोंडचं 'नाही' त्यांच्या लेखी आता 'नाही' राहिलेलं नाही. माझ्यावरचा विश्वास जेवढा गेला तेवढी त्यांची आशा वाढलीय. काल संध्याकाळी त्यांनी बियाणेखोलीतून एक काचेची बाटली घरी आणली. उकळत्या पाण्याने धुतली, पुसली, उन्हात वाळवली. नवी चिठ्ठी चिकटवली. नंबर लिहिला, तुमचं नाव लिहिलं, आणि दाण्यांच्या संख्येची जागा कोरी ठेवली. बाटली सदऱ्यात गुंडाळून पिशवीत ठेवताना मी बघत होते, तर म्हणाले, "पाच मिळाले तरी पुष्कळ. पाचाचे पुढच्या साली दोनशे होतील. या वेळी पिशव्या मी बांधीन."

वन्सं, ते तुमच्यासमोर बाटली ठेवतील. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. समोरच्याचं तोंड उतरलं की तुम्ही गप्प होता. तेव्हाही झाला होतात. या वेळी गप्प राहू नका. "शोधते", "बघते कुठे असलं तर", असलं काही म्हणू नका. तसं म्हणालात तर ते तिथेच थांबतील, तुमच्या खोलीचा कानाकोपरा उलटा करतील आणि मग इकडे येऊन वाफ्या-वाफ्यातून, त्या खाणीच्या कडेकडेने हिंडतील. ते उतारावर गुडघे टेकून बसलेले मला आत्ताच दिसतायत.

त्यांना आधी जेवू घाला. मग नाही म्हणा. एकदाच म्हणा आणि त्यांच्याकडे बघून म्हणा. तुमच्या तोंडचं ते मानतील. तुमचं एकदा मानलं नाही, ते त्यांना आयुष्यभर पुरलंय.

त्यानंतर ते इकडे परत येतील का, हे मी तुम्हाला विचारत नाही.

वहिनी